लग्नाच्या व्हिडिओचं रिझॉल्व टेम्प्लेट: कॅमेरा कुठलाही येऊ दे, लोगोचा रंग आणि टायटलचा पांढरा हलता कामा नये

लग्नाचा सीझन सुरू झाला की एडिटर लोकांचं बरंचसं काम टेम्प्लेटवरच चालतं. ओपनिंग टायटल, वधूवरांची नावं, साखरपुडा, हळद, संगीत अशी कार्डं, स्टुडिओचा लोगो, दोनचार लाइट लीक, शेवटचं आभाराचं कार्ड, हे सगळं एकदा नीट बनवून ठेवायचं आणि दर लग्नाला फुटेज बदलायचं. फॉन्ट, अॅनिमेशन, म्युझिकचा कट यावर सगळे भरपूर मेहनत घेतात, पण कलर स्पेसचा, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा अर्थ कुठला रंग आणि किती उजेड असा धरायचा याचा, विषय टेम्प्लेट बनवताना राहूनच जातो, आणि मग पुढच्या लग्नाला दुसरा शूटर दुसरा कॅमेरा घेऊन येतो, नवरीच्या भावाने आयफोनवर काढलेल्या क्लिप येतात, आणि तेच टेम्प्लेट वेगळंच दिसायला लागतं, लोगोचा केशरी ओळखू येत नाही, नावांच्या कडा जळतात, फोनच्या क्लिप फिक्या पडतात. मग एकेक क्लिप हाताने दुरुस्त करत बसायचं, म्हणजे टेम्प्लेटचा फायदा काय राहिला?

मी इथे डाविंची रिझॉल्व हे एडिटिंग आणि रंगकामाचं सॉफ्टवेअर धरून लिहितोय, कारण फ्री व्हर्जनमध्येही हे सगळं जमतं आणि आपल्याकडे बरेच जण आता त्यावरच आहेत. बाकी सॉफ्टवेअरमध्ये मेन्यू वेगळे, तत्त्व तेच. आणि तत्त्व एकच आहे: टेम्प्लेटमध्ये रंगाची कुठलीच गोष्ट अंदाजावर सोडायची नाही. कुठलं फुटेज कुठल्या स्पेसमधून येतंय, त्याचं रूपांतर कुठल्या जागी होतंय, आणि ते एकदाच होतंय ना, हे टेम्प्लेटमध्येच पक्कं ठोकून ठेवायचं. फुटेजचा रस्ता वेगळा, टायटल-लोगोचा रस्ता वेगळा. दोन्ही एकाच रस्त्यावर आले की घोळ झालाच म्हणून समजा.

थोडी पूर्वतयारी, म्हणजे पुढचं नीट कळेल

टीव्ही आणि वेबच्या साध्या व्हिडिओचं स्टँडर्ड रेक ७०९. फोटो, पीएनजी, वेबसाइट, कॅनव्हातून आलेला लोगो हे सगळं एसआरजीबी. दोघांचे मूळ लाल-हिरवा-निळा सारखेच आणि पांढरा पण सारखाच, डी६५. फरक आहे तो कर्व्हचा, म्हणजे मिडटोन किती उजळ धरायचे त्याचा. रेक ७०९ चा डिस्प्ले गॅमा आपण २.४ धरतो आणि एसआरजीबीचा साधारण २.२ च्या आसपास बसतो. लॉग फुटेजचं, म्हणजे जास्त डिटेल मावावा म्हणून कॅमेऱ्याने मुद्दाम फिकं रेकॉर्ड केलेल्याचं, मात्र सगळंच वेगळं असतं, तिथे रंगांची व्याप्ती पण मोठी आणि कर्व्ह पण वेगळा. सोनीच्या एस-लॉग ३ मध्ये १८ टक्के ग्रे हा १० बिटमध्ये ४२० वर बसतो, म्हणजे स्केलच्या ४१ टक्क्यांवर. आयफोनवर एचडीआर व्हिडिओ चालू असेल तर क्लिप एचएलजी या एचडीआरच्या कर्व्हमध्ये येते, प्रायमरी रेक २०२० चे. ती ७०९ समजून टाइमलाइनवर टाकली की फिकी दिसते ती त्यामुळे, फोनचा कॅमेरा खराब म्हणून नाही.

पायरी पहिली: प्रोजेक्ट सेटिंग

नवीन रिकामा प्रोजेक्ट घ्या. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये कलर मॅनेजमेंटला जा, कलर सायन्स साधं डाविंची वायआरजीबी ठेवा, टाइमलाइन कलर स्पेस डाविंची वाइड गॅमट इंटरमीडिएट (रिझॉल्वची स्वतःची मोठी स्पेस; वाइड गॅमट हे तिचे रंग, इंटरमीडिएट हा तिचा कर्व्ह) आणि आउटपुट कलर स्पेस रेक ७०९ गॅमा २.४. वायआरजीबीमध्ये ही सेटिंग फुटेजचं रूपांतर करत नाही, ती फक्त टूल्सना सांगते की आपण कुठल्या स्पेसमध्ये काम करतोय, एचडीआर व्हील्सना वगैरे ही माहिती लागते. खरं रूपांतर आपण स्वतः कलर स्पेस ट्रान्सफॉर्मने, म्हणजे सीएसटीने करणार.

आता काही जण विचारतील की कलर मॅनेज्ड मोड असताना एवढा खटाटोप कशाला, त्यात ऑटोमॅटिकची टिक पण आहे. एकटे काम करत असाल, एकच कॅमेरा असेल तर जरूर वापरा, तो मोड चांगलाच आहे. पण टेम्प्लेट दुसऱ्याच्या हातात जाणार असेल तर ऑटोवर माझा भरवसा नाही, कारण ते क्लिपमधला मेटाडेटा वाचून ठरवतं, आणि लग्नाच्या फुटेजमध्ये मेटाडेटा शाबूत असेलच असं नाही. कोणी आधीच कन्व्हर्ट करून दिलेलं असतं, कोणी व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं असतं. दुसरी अडचण अशी की मॅनेज्ड मोडमध्ये फ्यूजन पेज, म्हणजे टायटल-इफेक्टचं पान, लिनियरमध्ये, म्हणजे उजेडाच्या थेट प्रमाणात, काम करतं, त्यामुळे वायआरजीबीत बनवलेल्या टायटलची सॉफ्ट शॅडो आणि ग्लो तिथे वेगळे दिसू शकतात. काळ्यावर पांढरं ५० टक्के ओपॅसिटीने ठेवलं तर साध्या गॅमात ते १२८ येतं आणि लिनियरमध्ये मिसळून परत आणलं की १८८. केवढा फरक आहे बघा. म्हणून ज्या मोडमध्ये टेम्प्लेट बनवलं त्याच मोडमध्ये ते वापरायचं, हे नियम म्हणून लिहूनच ठेवा.

सेटिंग झाली की प्रोजेक्ट सेटिंगच्याच प्रीसेट्समध्ये ती नाव देऊन सेव्ह करा.

पायरी दुसरी: प्रत्येक कॅमेऱ्याचा एक ग्रुप

टेम्प्लेटचा पाया इथे आहे, त्यामुळे घाई करू नका. कलर पेजवर क्लिपच्या थंबनेलवर राइट क्लिक करून नवीन ग्रुप बनवता येतो. ग्रुप केला की नोडच्या (रंगकामाची एकेक पायरी म्हणजे एक नोड) खिडकीत चार पातळ्या मिळतात: ग्रुप प्री-क्लिप, क्लिप, ग्रुप पोस्ट-क्लिप आणि टाइमलाइन. आपण प्री-क्लिपमध्ये कॅमेऱ्यातून वाइड गॅमटमध्ये आणणार, क्लिपमध्ये ग्रेडिंग, म्हणजे रंगांचं काम, करणार, पोस्ट-क्लिपमध्ये वाइड गॅमटमधून ७०९ मध्ये उतरवणार, आणि टाइमलाइनची पातळी पूर्ण रिकामी ठेवणार. ती रिकामी का, ते पुढे सांगतो.

सोनी ग्रुपच्या प्री-क्लिपला एक सीएसटी टाका. इनपुट कलर स्पेस एस-गॅमट ३ सिने, इनपुट गॅमा एस-लॉग ३, आउटपुट डाविंची वाइड गॅमट आणि डाविंची इंटरमीडिएट, टोन मॅपिंग (जास्तीचा उजेड दाबून बसवणं) नन. इथे एक गोष्ट अगदी सांभाळायची. सीएसटीत सुरुवातीला सगळीकडे 'यूज टाइमलाइन' लिहिलेलं असतं, ते तसंच सोडू नका. आज तुमच्या प्रोजेक्टमध्ये बरोबर चालेल, पण हीच ग्रेड कोणी वेगळ्या टाइमलाइन सेटिंगच्या प्रोजेक्टमध्ये नेली की सीएसटी गुपचूप बदलेल आणि कोणाला कारणच सापडणार नाही. चारही जागी नाव स्पष्ट निवडा.

शूटरला पिक्चर प्रोफाइल विचारूनच ग्रुप ठरवा. सोनीच्या बऱ्याच बॉडीमध्ये पीपी ८ म्हणजे एस-लॉग ३ सोबत एस-गॅमट ३ सिने, आणि पीपी ९ म्हणजे एस-लॉग ३ सोबत साधं एस-गॅमट ३. दोन शूटर, एक ८ वर आणि एक ९ वर, असं झालं आणि दोघांना एकच सीएसटी लावला तर शालूचा लाल दोन कॅमेऱ्यांत दोन तऱ्हेचा दिसेल आणि तुम्ही व्हाइट बॅलन्समध्ये चूक शोधत बसाल. एस-सिनेटोनमध्ये शूट केलेलं असेल तर ते लॉग नाहीच, ते ७०९ च्या ग्रुपमध्ये जाईल.

आयफोनचे दोन ग्रुप करा. एक एचएलजीचा: इनपुट रेक २०२०, गॅमा रेक २१०० एचएलजी. दुसरा साध्या ७०९ चा, कारण कित्येकांनी फोनमध्ये एचडीआर व्हिडिओ बंद केलेला असतो. आयफोन १५ प्रो किंवा त्यापुढच्या प्रो फोनवर अॅपल लॉगमध्ये शूट केलेलं असेल तर त्याचा तिसरा. क्लिप कुठली ते डोळ्यांनी ओळखायच्या भानगडीत पडू नका, मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ट्रान्सफर कॅरॅक्टरिस्टिक्सच्या ओळीत एचएलजी आहे की बीटी ७०९ ते सरळ लिहिलेलं दिसतं.

७०९ च्या ग्रुपमध्ये एक मेख आहे. साधं ७०९ फुटेज वाइड गॅमटमध्ये नेऊन परत खाली आणताना आउटपुटचं टोन मॅपिंग त्याच्या पांढऱ्याला पण दाबतं, त्यामुळे चित्र मरगळलेलं दिसतं. म्हणून या ग्रुपच्या इनपुट सीएसटीत पण टोन मॅपिंग डाविंची ठेवा आणि वेव्हफॉर्मवर (उजेडाच्या आलेखावर) बघा पांढरा मूळ जागेजवळ परत येतोय का. नाही आला तर सरळ या ग्रुपला दोन्ही सीएसटी नकोत, ७०९ मध्येच ग्रेड करा, त्यात काही कमीपणा नाही.

ड्रोनचं काय? डीजेआयच्या डी-लॉग आणि डी-लॉग एम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छोट्या ड्रोनमध्ये बहुतेक वेळा डी-लॉग एम असतं, आणि सीएसटीच्या यादीतला डी-लॉग त्याला लावला तर रंग चुकतात. डीजेआय स्वतःच डी-लॉग एम ते ७०९ अशी लट (LUT, म्हणजे रंग बदलण्याची तयार फाइल) देतं, तीच या ग्रुपच्या पोस्ट-क्लिपमध्ये लावा, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स त्याच्या आधी क्लिपच्या नोडमध्ये करा, आणि वाइड गॅमटचा हट्ट इथे सोडून द्या.

पोस्ट-क्लिपचा सीएसटी मात्र वाइड गॅमटवाल्या सगळ्या ग्रुपमध्ये हुबेहूब सारखा हवा: इनपुट वाइड गॅमट आणि इंटरमीडिएट, आउटपुट रेक ७०९ आणि गॅमा २.४, टोन मॅपिंग डाविंची, गॅमट मॅपिंग सॅच्युरेशन कम्प्रेशन. हे शेवटचं लग्नाच्या कामात फार कामाला येतं, कारण संगीताच्या स्टेजवरचे निळे-जांभळे एलईडी ७०९ च्या बाहेर जातात आणि नुसते कापले गेले की चेहऱ्यावर सपाट निळे डाग पडतात. हळदीच्या उन्हातल्या पिवळ्याचं पण तेच. कम्प्रेशन चालू असलं की बराच डिटेल वाचतो.

क्लिपच्या पातळीवर बॅलन्स, एक्स्पोजर, स्किन, लूक अशा नावांचे मोकळे नोड आधीच मांडून ठेवा आणि प्रत्येक ग्रुपमध्ये एक छोटी नमुना क्लिप टाइमलाइनवर ठेवा. नवीन फुटेज आलं की त्या त्या क्लिप निवडून ग्रुपला जोडायच्या, बस.

टायटल आणि लोगो, जिथे सगळ्यात जास्त वाट लागते

बरेच ट्यूटोरियल सांगतात की आउटपुटचा सीएसटी टाइमलाइनच्या नोडवर टाका, म्हणजे एकाच जागी काम होतं. नुसतं फुटेज असेल तर ठीक आहे. पण टाइमलाइन नोडमधून टायटल पण जातात, लोगो पण जातो, आणि ते आधीच ७०९ चे आहेत, त्यांना तो सीएसटी वाइड गॅमट समजून बदलतो. किती बदलतो ते आकड्यात बघा. इंटरमीडिएट कर्व्हमध्ये १८ टक्के ग्रे ०.३३६ वर असतो आणि १.० म्हणजे त्याचं अगदी टोक, नेहमीच्या पांढऱ्याच्या १०० पट उजेड. तुमच्या लोगोतला ०.५ चा साधा ग्रे तिथे साधारण ०.८८ लिनियर म्हणून वाचला जातो, म्हणजे जवळजवळ पांढऱ्या कागदाएवढा उजेड. ग्रेचं हे होतं तर रंगाचं काय होईल विचार करा. लाल चॅनल टोकाला जातो, हिरवा मागे राहतो, आणि केशरी केशरी राहत नाही.

म्हणून टाइमलाइन पातळी रिकामी. टायटल वरच्या ट्रॅकवर, कुठल्याही ग्रुपशिवाय. ग्रुपचं प्रकरण जड वाटत असेल तर दुसरा मार्ग पण आहे: फुटेज खालच्या ट्रॅकवर, त्याच्यावर पूर्ण लांबीची अॅडजस्टमेंट क्लिप आणि आउटपुट सीएसटी तिच्यावर, आणि टायटल-लोगो तिच्याही वरच्या ट्रॅकवर. अॅडजस्टमेंट क्लिप फक्त खालच्यांवर चालते, त्यामुळे वरचं सगळं सुरक्षित. फक्त घाईत कोणी टायटल खालच्या ट्रॅकवर टाकलं की संपलं, म्हणून ट्रॅकला नावं द्या, 'फुटेज', 'उतरण' (म्हणजे ७०९ मध्ये उतरवणं), 'टायटल' अशी स्वच्छ.

अजून एक फसवी जागा. क्लिपच्या फ्यूजनमध्ये जाऊन लॉग फुटेजवरच टेक्स्ट मांडायची काही जणांना सवय असते. रिझॉल्वमध्ये फ्यूजन आधी आणि कलर पेज नंतर चालतं, त्यामुळे ते टेक्स्ट फुटेजसोबत प्री-क्लिपमधून, ग्रेडमधून, पोस्ट-क्लिपमधून सगळीकडून जातं. ट्रॅकिंगसाठी खरंच फुटेजची गरज असेल तेवढं सोडलं तर टेक्स्ट स्वतंत्र टायटल म्हणूनच ठेवा.

लोगोची फाइल मागताना डिझायनरला एसआरजीबी पीएनजी असं नाव घेऊन सांगा, कारण मॅकवर काम करणाऱ्यांकडून कधी कधी डिस्प्ले पी३ या जास्त मोठ्या स्पेसमधली येते आणि ती सरळ टाकली तर रंग थोडा मंद दिसतो. लोगोच्या कडेला काळी किंवा पांढरी रेघ दिसत असेल तर तो कलर स्पेसचा दोष नाही, क्लिप अॅट्रिब्यूट्समध्ये अल्फा (पारदर्शकता) स्ट्रेट आहे की प्रीमल्टिप्लाइड ते बदलून बघा.

एसआरजीबी लोगोला ७०९ गॅमा २.४ मध्ये रूपांतर करून आणावं का? माझं मत, नको. रूपांतर केलं तर १२८ चा १३५ होतो. थिएटरसारख्या अंधाऱ्या खोलीत, २.४ ला कॅलिब्रेट केलेल्या मॉनिटरवर ते बरोबर आहे, पण लग्नाचा व्हिडिओ लोक मोबाइलवर बघतात, आणि स्टुडिओवाला लोगोचा रंग स्वतःच्या इन्स्टाच्या पोस्टशेजारी ठेवून बघतो. आकडे जसेच्या तसे ठेवलेले बरे, आणि ठरवलंय ते टेम्प्लेटच्या नोंदीत लिहा, म्हणजे पुढचा माणूस वर अजून एक सीएसटी लावणार नाही.

टेक्स्ट प्लस या रिझॉल्वच्या टायटल टूलमध्ये ब्रँडचा रंग आयड्रॉपरने उचलू नका, आकडे टाका. समजा केशरी एफएफ ९९ ३३ आहे, म्हणजे २५५, १५३, ५१, तर शून्य ते एकच्या स्केलवर १.०, ०.६, ०.२. एवढं टाइप करायला काही क्षण लागतात.

लाइट लीक, धूळ, बोकेचे ओव्हरले स्क्रीन मोडमध्ये वापरले जातात आणि ते ७०९ चित्रावर बसतील असे बनवलेले असतात. ग्रुपच्या पद्धतीत क्लिप ७०९ मध्ये उतरल्यावरच वरच्या ट्रॅकशी मिसळते, त्यामुळे तिथे काही करावं लागत नाही. अॅडजस्टमेंट क्लिपची पद्धत घेतली असेल तर ओव्हरले पण तिच्या वरच ठेवा.

विकत घेतलेल्या लट

लट कुठल्या स्पेससाठी बनवली आहे ते कळत नसेल तर टेम्प्लेटमध्ये घेऊच नका, कितीही सुंदर दिसत असली तरी. कळत असेल तर तिच्या आधी सीएसटीने तिला हव्या त्या स्पेसमध्ये न्या. ७०९ घेऊन ७०९ देणारी असेल तर पोस्ट-क्लिपच्या सीएसटीनंतर लावा. एस-लॉग ३ घेऊन ७०९ देणारी असेल तर ती स्वतःच उतरण करते, मग पोस्ट-क्लिपचा सीएसटी वाइड गॅमटमधून एस-लॉग ३ मध्ये नेणारा करायचा आणि त्याच्यामागे लट. दोन उतरणी एकामागे एक लागल्या की कॉन्ट्रास्ट राक्षसी होतो, लगेच ओळखू येतं.

तपासणीची टाइमलाइन

याच्याशिवाय टेम्प्लेट कोणाला देऊ नका. वेगळी छोटी टाइमलाइन बनवा आणि तिच्यात दोन गोष्टी ठेवा. पहिली, १०५, १०५, १०५ या ग्रेची एक पीएनजी, सोनी ग्रुपला जोडलेली. १०५ म्हणजे ८ बिटमधला एस-लॉग ३ चा मधला ग्रे. पोस्ट-क्लिपचा नोड तात्पुरता बंद करा, व्ह्यूअरवर राइट क्लिक करून पिकरची आरजीबी व्हॅल्यू ८ बिटमध्ये चालू करा आणि कर्सर फिरवा. साधारण ८६ यायला हवं, कारण ०.३३६ गुणिले २५५ तेवढंच होतं. १०५ च दिसत असेल तर प्री-क्लिप चालतच नाहीये. तिसराच आकडा आला तर सीएसटीत काहीतरी चुकीचं निवडलंय.

दुसरी, ब्रँडच्या केशरीचा एक मोठा चौकोन, टायटलच्या ट्रॅकवर. पिकरवर २५५, १५३, ५१ हेच दिसलं पाहिजे. एखाददुसरा अंक इकडेतिकडे चालेल, दहा-वीसने हलला तर कुठेतरी टायटल फुटेजच्या रस्त्यावर गेलंय. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, रात्री दोन वाजता सगळेच केशरी सारखे दिसतात.

एक्स्पोर्ट

डेटा लेव्हल ऑटो ठेवा, ऑटोवर विसंबायला हरकत नाही अशी ही एकमेव जागा. एच २६४ मध्ये फुल केलं की १६ ते २३५ ची अपेक्षा करणारे टीव्ही आणि प्लेअर काळे चेपून टाकतात. डिलिव्हरच्या अॅडव्हान्स्डमध्ये कलर स्पेस टॅग रेक ७०९ स्वतः निवडा. मॅकवाल्यांची नेहमीची तक्रार, की क्विकटाइममध्ये व्हिडिओ फिका दिसतो, ती यामुळे येते की क्विकटाइम ७०९ टॅगच्या फाइलला साधारण १.९६ गॅमा धरून दाखवतं. टेम्प्लेट मॅकवर बनत असेल तर गॅमा टॅग आणि आउटपुट कलर स्पेस रेक ७०९-ए हा पर्याय आहे, पण तो घेतला तर पोस्ट-क्लिपच्या सीएसटीचा आउटपुट गॅमा पण तोच करा, अर्धवट बदल नको. आणि फक्त क्विकटाइममध्ये फिकं दिसतंय म्हणून ग्रेडमध्ये कॉन्ट्रास्ट कधीच वाढवू नका, बाकी सगळीकडे ते काळवंडेल. रेंडर सेटिंग प्रीसेट म्हणून सेव्ह करून टाका.

दुसऱ्याला देताना

डीआरपी, म्हणजे नुसत्या प्रोजेक्टच्या, एक्स्पोर्टमध्ये मीडिया जात नाही, त्यामुळे लोगो, ओव्हरले, तपासणीच्या पीएनजी सकट द्यायचं असेल तर प्रोजेक्ट आर्काइव्ह करा, म्हणजे डीआरए फोल्डर मिळेल. लट आणि फॉन्ट त्यात धरू नका, वेगळे द्या. फ्यूजनची टायटल सगळ्या प्रोजेक्टमध्ये हवी असतील तर त्यांच्या .setting फाइल एडिट आणि त्याच्या आत टायटल्स अशा फोल्डरमध्ये ठेवून झिप करा, एक्स्टेन्शन बदलून डीआरएफएक्स करा, डबल क्लिकवर इन्स्टॉल होतं. ग्रुपचे नोड पॉवरग्रेड (सेव्ह केलेली ग्रेड) म्हणून गॅलरीत पण ठेवा, ग्रुप चुकून उडाला तर परत बांधता येतो.

सोबत एक साधी टेक्स्ट फाइल: कुठल्या व्हर्जनवर बनवलंय, कारण नव्या रिझॉल्वचा प्रोजेक्ट जुन्यात उघडत नाही, कलर सायन्स कुठलं, कुठला ग्रुप कुठल्या कॅमेऱ्याचा, लोगोचे आकडे, आणि तपासणीत यायला हवे ते ८६ आणि २५५-१५३-५१. ज्याला देताय त्याला त्याच्या मशीनवर सगळ्यात आधी तपासणीची टाइमलाइन उघडून पिकरचा स्क्रीनशॉट पाठवायला सांगा, आकडे जुळले की मगच फुटेज टाकू द्या.